स्टीलला तडा जातो तो वाहत्या पाण्यानं की साचलेल्या?

मे महिन्यात पांढुर्णा-सौंसरात गरम पाण्यानं आंघोळ कोण करतं? कोणीच नाही. दुपारी तर नळाचंच पाणी चटका देतं. पण गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर सुट्टी घेत नाही. तो दिवसभर ऊन ओढतो, टाकीतलं पाणी तापवत राहतो, आणि कोणी वापरत नसल्यामुळे ते पाणी तिथल्या तिथंच राहतं. दिवाळी उलटली, थंडी पडली की घरातले कॉक उघडतात. तेव्हा कळतं, टाकीच्या बुडाशी जोडाच्या बाजूनं पाणी झिरपतंय. मिस्त्री येतो, बोट फिरवून बघतो आणि निकाल देतो, "भाऊ, प्रेशर जास्त आहे. पाणी धावून धावून स्टील घासलं."

ऐकायला बरोबर वाटतं. नदीचं पाणी दगड घासतं, मग स्टील का नाही घासणार? पण स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत हे निदान बहुतेक वेळा उलटं असतं. आणि निदान उलटं झालं की खर्चही उलट्या जागी होतो. माणूस प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतो, तशीच टाकी पुन्हा आणतो, आणि ती टाकीही काही वर्षांत त्याच जागी झिरपायला लागते. म्हणून वाहतं पाणी स्टीलला नेमकं काय करतं, हे एकदा नीट समजून घेऊ. यात गच्चीवरची टाकी आहे, आणि तारापूरची अणुभट्टीसुद्धा आहे.

आधी तडा म्हणजे काय ते

स्टेनलेस स्टील गंजत नाही, कारण त्यात क्रोमियम असतं. आपल्याकडे चांगल्या टाकीला वापरतात ते ३०४ नंबरचं स्टील. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियम हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी जुळून पृष्ठभागावर एक थर तयार करतं. हा थर इतका पातळ की डोळ्यांना दिसतच नाही. ओरखडा पडला तर ऑक्सिजन मिळताच तो आपोआप भरून येतो. जखमेवर खपली धरावी तसंच, फक्त फार लवकर. हा थर शाबूत आहे तोवर स्टील शाबूत.

या थराचा वैरी म्हणजे क्लोराइड. मिठात असतं ते, बोअरच्या पाण्यात असतं ते, आणि फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये असतं तेही. क्लोराइड एखाद्या जागी थर फोडतं आणि तिथं टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. त्या जागी स्टीलमध्ये आधीच ओढ असेल, म्हणजे पत्रा वाकवताना किंवा वेल्डिंग थंड होताना राहून गेलेला ताण असेल, तर खड्ड्याच्या तळातून तडा सुरू होतो. संत्र्याच्या पानावरच्या शिरांसारखा तो फाटे फोडत आत जातो. पत्रा पातळ होत नाही, बाहेरून चकचकीतच दिसतो, आणि एक दिवस झिरपायला लागतो. इंजिनीअर याला स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग म्हणतात. सोप्या भाषेत, ताण आणि गंज यांनी मिळून पाडलेला तडा. नुसता ताण असता तर पत्रा टिकला असता, नुसता गंज असता तरी बरीच वर्षं निघाली असती. दोघं एकत्र आले की टिकत नाही.

हा प्रकार भारताला नवा नाही. इंग्रजांच्या काळात इथल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या जागी तडकायची. बंदूक न झाडता, नुसती ठेवलेली. पुढं १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी कारण स्पष्ट केलं : काडतूस दाबून घडवताना पितळेत राहिलेला ताण, आणि दमट हवेतला अमोनिया. तबेल्यात अमोनिया कुठून येतो हे सांगायला नको. धातू वेगळा, खोड तीच.

३०४ स्टीलला क्लोराइडमुळे असा तडा जायचा तर आणखी एक गोष्ट बहुधा लागते, ती म्हणजे उष्णता. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर धोका झपाट्यानं वाढतो. आपल्या उन्हाळ्यात न वापरलेल्या सोलरचं पाणी हा आकडा सहज ओलांडतं.

पाणी थांबलं की काय बिघडतं

पाणी वाहतं असतं तेव्हा ते तीन कामं करतं. ताजा ऑक्सिजन आणून देतं, म्हणजे खपली धरत राहते. क्षार आणि गाळ बसू देत नाही. आणि एखाद्या खड्ड्यात आंबट, खारट पाणी तयार व्हायला लागलं तर ते धुऊन नेतं.

पाणी थांबलं की ही तिन्ही कामं थांबतात. बोअरच्या जड पाण्यातला पांढरा क्षार बुडाशी बसतो. त्या क्षाराच्या खाली पाण्याचा एक पातळ थर अडकतो. तिथला ऑक्सिजन लवकरच संपतो, नवा येत नाही. मग त्या जागेचं स्टील विरघळायला लागतं आणि त्याची भरपाई म्हणून बाहेरच्या पाण्यातलं क्लोराइड आत ओढलं जातं. विरघळलेलं क्रोमियम पाण्याशी क्रिया करून आम्ल तयार करतं. परिणाम असा की टाकीतलं पाणी प्यायला चालेल असं असतं, आणि क्षाराखालचं पाणी मात्र ॲसिड झालेलं असतं. टाकीतल्या पाण्याचा नमुना तपासून हे कधीच कळणार नाही, कारण बाटलीत येतं ते वरचं पाणी.

म्हणूनच कारखान्यांत स्टेनलेसच्या नळ्यांमधून पाणी सेकंदाला किमान एक मीटर वेगानं तरी वाहावं, असा दंडक ठेवतात. दूध आणि ज्यूसच्या कारखान्यांत पाइप धुताना तर दीड मीटरचा वेग धरतात. पाइपाला फुटलेला पण पुढं बंद असलेला तुकडा, ज्याला फिटर लोक डेड एंड म्हणतात, तो शक्यतो ठेवतच नाहीत. आणखी एक जुना धडा आहे. नवीन स्टेनलेस लाइन टाकली, गळती तपासायला साधं पाणी भरलं, तपासणी झाली आणि पाणी तसंच सोडून सगळे निघून गेले. काही आठवडे, काही महिने. परत येऊन बघतात तर वेल्डिंगच्या बाजूला भोकं. साचलेल्या पाण्यात वाढलेले जिवाणू त्याला हातभार लावतात. एक दिवसही न चाललेली लाइन बदलावी लागल्याची उदाहरणं जगभर आहेत. बोरगावच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या वाचकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : तपासणीचं पाणी काढायचं, आणि लाइन कोरडी करायची.

पाण्यात बुडालेलं स्टील वाचतं आणि जिथं पाणी कधी पोचतच नाही तिथलं तुटतं, हे तर त्याहून चमत्कारिक. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावात ९ मे १९८५ रोजी पोहण्याच्या तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळलं आणि १२ माणसं गेली. छत ज्या स्टेनलेसच्या सळयांना टांगलेलं होतं, त्या सळयांना तडे गेले होते. तलावाच्या पाण्यातून उठलेली क्लोरीनची वाफ त्यांच्यावर बसत होती, वाळत होती, पुन्हा बसत होती. तलावाच्या शिड्या, कठडे रोज पाण्यानं धुतले जात होते. छतावरच्या पोकळीत कोण फडका मारायला जाणार? तिथं तर ६० अंश तापमानही नव्हतं. वाळत वाळत साचलेल्या क्षारानंच घात केला.

मग वाहतं पाणी म्हणजे कवच का? नाही

इथवर वाचून वाटेल, पाणी चालू ठेवलं की झालं. तसं नाही.

गोटमारीच्या दिवसांत जाम नदीला पूर आलेला आपण पाहतो. पात्राच्या मधोमध पाणी असं धावतं की उभं राहता येत नाही. पण त्याच वेळी काठच्या खडकाच्या अरुंद, खोल कपारीत बघा, आतलं पाणी जागचं हलत नाही. नदी कपारीच्या तोंडावरून निघून जाते. स्टीलमधल्या तड्याचं असंच आहे. तडा नवा असेल, तोंड रुंद असेल, तर वाहतं पाणी आत शिरून घाण धुऊ शकतं. तो एकदा केसासारखा बारीक होऊन आत गेला की बाहेर पाणी कितीही जोरात धावो, टोकाशी साचलेलं आम्ल तिथंच राहतं. म्हणजे वाहतं पाणी तडा सुरू होऊ न देण्यात मदत करतं, पण जुना तडा थांबवत नाही.

आणि काही ठिकाणी तर ते तड्याच्याच बाजूचं होतं. त्यासाठी आपल्याला तारापूरला जावं लागेल.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं तंत्रज्ञान, आणि भारतातली पहिली अणुवीज. या भट्टीत पाणी थेट उकळतं. सुमारे २८० अंशांहून जास्त तापलेलं पाणी स्टेनलेसच्या मोठ्या पाइपांतून फिरवलं जातं, त्यांना रिसर्क्युलेशनचे पाइप म्हणतात. हे पाणी इतकं शुद्ध असतं की आपल्या बोअरच्या पाण्याशी त्याची तुलनाच नको. क्लोराइड जवळपास नाहीच. तरी या जातीच्या भट्ट्यांमध्ये तडे गेले.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९७४ मध्ये ड्रेस्डेन इथल्या भट्टीत तडे सापडले, ते मुख्य पाइपात नव्हे तर त्याच्या झडपेला वळसा घालून जाणाऱ्या चार इंची बारीक पाइपात. तेव्हा असं मानायला जागा होती की मोठ्या पाइपाला, ज्यातून पाणी सतत जोरात फिरतं, त्याला भीती नाही. १९८२ मध्ये नाइन माइल पॉइंट इथल्या भट्टीत २८ इंची मुख्य पाइपालाच वेल्डिंगजवळ तडे दिसले आणि तो समज तिथंच संपला. तारापूरच्या त्या दोन संचांचीही २०२० मध्ये वेळ आली. रिसर्क्युलेशनच्या पाइपांना तडे आढळले, संच बंद ठेवावे लागले आणि पाइप बदलण्याचं मोठं काम हाती घ्यावं लागलं. पन्नास वर्षं चाललेल्या यंत्रासाठी ही नवलाची गोष्ट नाही, पण वीज मात्र थांबली.

शुद्ध, वाहत्या पाण्यात हे कसं झालं? दोन कारणं एकत्र आली. पहिलं वेल्डिंगचं. साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या टप्प्यात स्टील रेंगाळलं की त्यातला कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. त्या सीमांलगतचं क्रोमियम कमी होतं आणि तिथला संरक्षक थर दुबळा पडतो. वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना असा पट्टा तयार होतोच. दुसरं कारण पाण्यातला ऑक्सिजन. भट्टीतल्या किरणोत्सर्गामुळे पाण्याचेच तुकडे पडतात, त्यातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं.

आता वाहत्या पाण्याची भूमिका बघा. घरच्या टाकीत ऑक्सिजन आणणं हे पुण्याचं काम होतं. इथं पाणी जितकं जोरात धावतं तितका ऑक्सिजन पाइपाच्या भिंतीला जास्त लागतो, आणि तड्याच्या आत मात्र तो पोचण्याआधीच संपतो. तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, टोकाशी शून्य. हा फरक जणू छोट्या बॅटरीसारखा वागतो आणि पाण्यात जे काही थोडं क्लोराइड किंवा सल्फेट असेल ते टोकाकडे खेचतो. प्रवाहानं भिंतीवरचा ऑक्सिजन वाढवला की बॅटरी अधिक जोरात चालते. म्हणून प्रयोगशाळेत थांबलेल्या किंवा मंद फिरणाऱ्या पाण्यात काढलेले आकडे भट्टीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. काही प्रयोगांत प्रवाह वाढवला तर तडे कमी झाले, काहींत वाढले. दोन्ही खरे. तोंड किती उघडं आहे, पाणी तड्याच्या दिशेनं वाहतंय की आडवं, ऑक्सिजन किती, यावर पारडं इकडं किंवा तिकडं झुकतं.

उपायही त्याच समजुतीतून आले. पाण्यात मुद्दाम थोडा हायड्रोजन सोडायचा, तो ऑक्सिजनला गिळतो. आणि पाइपासाठी कमी कार्बनचं स्टील घ्यायचं. ३०४एल, ३१६एल यातल्या 'एल'चा अर्थ तोच, कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली.

मिस्त्रीचं "घासलं" हे निदान अगदीच खोटं असतं का? नाही, फक्त ते वेगळ्या लोखंडाचं निदान आहे. ९ ऑगस्ट २००४ रोजी जपानच्या मिहामा अणुवीज केंद्रात गरम पाण्याचा पाइप फुटला, वाफेनं भाजून ५ कामगार गेले. तो पाइप साध्या कार्बन स्टीलचा होता. वाहत्या गरम पाण्यानं त्याची १० मिलिमीटरची भिंत काही ठिकाणी दीड मिलिमीटरच्याही खाली आणली होती, आणि ती जागा वर्षानुवर्षं तपासलीच गेली नव्हती. साधं लोखंड वाहत्या पाण्यात झिजतं. त्यात क्रोमियम घातलं की ही झीज जवळपास थांबते. तेच पाणी, पण एका स्टीलला ते वाहताना खातं आणि दुसऱ्याला थांबल्यावर.

आपल्या गच्चीवर

आता परत आपल्या भागात. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा पट्ट्यातल्या मँगनीजच्या खडकांना 'सौंसर समूह' असंच नाव आहे. आपल्या सौंसरचं नाव जगातल्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे ते यामुळे. याच मँगनीजचा स्टीलशी एक संबंध आहे, तो गिऱ्हाइकाला माहीत हवा. निकेल महाग. म्हणून निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घातलेलं २०० नंबरच्या मालिकेतलं स्टील भारतात खूप चालतं. वाटी-ताटाला ते चालूनही जातं. गरम पाण्याच्या टाकीला ते घेऊ नये. त्यात क्रोमियमही कमी असतं, खड्डे लवकर पडतात, तडेही.

दुकानात चुंबक लावून दाखवतात. "बघा साहेब, चिकटत नाही, म्हणजे ३०४." ही खूण चुकीची आहे. २०० च्या मालिकेतलं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. भंगारवाले थेंब टाकून रंग बघतात, ती परीक्षा चुंबकापेक्षा भरवशाची. सगळ्यात बरं म्हणजे बिलावर ग्रेड लिहून घेणं. आणखी एक गंमत सांगतो. क्लोराइडच्या तड्यासाठी ८ टक्क्यांच्या आसपासचं निकेल हीच सर्वांत नाजूक जागा आहे, म्हणजे आपलं लाडकं ३०४ इथं कच्चं. जवळपास निकेल नसलेलं ४४४ नंबरचं स्टील, जे चुंबकाला चक्क चिकटतं, ते या तड्याला फारसं दाद देत नाही. युरोपात गरम पाण्याच्या टाक्यांना ते वापरतात. आपल्याकडे दुकानदार ते दाखवायला गेला तर गिऱ्हाईकच चुंबक काढेल!

बोअरचं पाणी तपासून घ्या, आणि रिपोर्टात क्लोराइडचा आकडा बघा. मध्यप्रदेशात पीएचई विभागाच्या प्रयोगशाळा आहेत, सीमेपलीकडं वरुड, नरखेड, काटोलकडच्या वाचकांसाठी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरी सोय नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. स्टीलचा हिशेब याहून कडक. ३०४ साठी थंड पाण्यातच २०० च्या आसपासची मर्यादा सांगतात, गरम पाण्यात त्याहून बरीच कमी. माणसाला चालणारं पाणी टाकीला चालेलच असं नाही.

सर्वांत मोठा घात मात्र पाणी करत नाही, क्षार काढायला ओतलेलं ॲसिड करतं. संडास-फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, म्हणजे क्लोराइडच. ते क्षार पटकन काढतं आणि जाता जाता टाकीचा थरही फोडून जातं. त्यातलं थोडं जरी जोडाच्या फटीत राहिलं तरी पुढच्या उन्हाळ्याची तयारी झाली. क्षार काढायचाच असेल तर सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिड वापरायला सांगा, आणि नंतर भरपूर पाणी सोडून टाकी धुऊन घ्या. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकून ती तशीच ठेवणंही स्टीलला सोसत नाही.

उन्हाळ्यात सोलर वापरायचा नसेल तर नळ्यांवर जाड कापड किंवा ताडपत्री टाकून ठेवा, म्हणजे पाणी इतकं तापणार नाही. काचेच्या नळ्यांचा सोलर रिकामा करून उन्हात सोडू नका. नळ्या कोरड्या तापतात, आणि नंतर गार पाणी पडलं की फुटतात. त्यापेक्षा दोन-चार दिवसांनी सकाळी दोन बादल्या गरम पाणी काढत जा, भांडी धुवायला कामी येतं. नवं पाणी आत जातं, जुनं बाहेर येतं. टाकीला खाली गाळ काढायचा कॉक असेल तर महिन्यातून एकदा तो उघडा. तो कॉक बसवलेलाच नसतो असंही खूपदा दिसतं, तेव्हा घेतानाच विचारा.

आणि बाहेरच्या बाजूनं जोडाशी पांढरी रेघ दिसली तर ती पुसून विसरू नका. पाणी थेंबानं बाहेर येतंय, वाळतंय आणि मागं मीठ ठेवतंय, असा त्याचा अर्थ. तिथं आता बाहेरूनही तडा सुरू होऊ शकतो. वॉशर बदलून गळती बंद करा, ती जागा साध्या पाण्यानं धुवा. पत्र्यातूनच झिरपत असेल तर एम-सीलनं महिना-दोन महिने निघतील. त्यावर वेल्डिंग करून मात्र फारसं हाती लागत नाही, कारण नवं वेल्डिंग शेजारच्या पत्र्यात नवा ताण सोडतं, आणि दिसणाऱ्या एका तड्याच्या आसपास न दिसणारे आणखी असतात.